पैकी

आमच्या सरांना वाटेत कुणी "सर, बरंय का?" असं विचारलं, तर सर थांबायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "कुणापेक्षा?"

विचारणारा तोवर चार पावलं पुढे गेलेला असायचा. त्याला परत यावं लागायचं. 'बरं' म्हणजे बेटर, बेटर आलं की दॅन आलाच, आणि दॅनच्या पुढे कुणीतरी उभं पाहिजे, असा सरांचा हिशेब. "अर्धी तुलना करून पळून जायचं न्हाई," असं ते म्हणत. त्यामुळे गावातली निम्मी माणसं त्यांना नुसता नमस्कार करायची. नमस्काराला तुलना नसते.

सर आमच्या शाळेत इंग्रजी शिकवत. घनसावंगीहून निघालेली जीप जिथे वळसा घालून परत फिरते, त्या गावातली ही शाळा. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर संस्थेचे अध्यक्ष माझ्यावर दावा लावतील, आणि त्या दाव्याच्या कागदातही व्याकरणाची चूक असेल.

माझी आणि सरांची दोस्ती होण्याचं खरं तर काही कारण नव्हतं. माझे वडील शेतमजुरांच्या संघटनेत. मी अक्षरं शिकले ती घरात पडलेल्या पत्रकांवरून. बाकीची पोरं 'कमळ, बदक' वाचत होती तेव्हा मी 'जाहीर निषेध' वाचत होते. घोर, तीव्र, निर्लज्ज, अमानुष हे शब्द मला काका-मावश्यांसारखे ओळखीचे. आणि सर म्हणजे विशेषणांचा जन्माचा वैरी. विशेषण दिसलं की ते त्याची झडती घ्यायचे. कुठून आलास, कुणासाठी आलास, तुझ्यावाचून अडलं होतं का.

त्यांच्या खिशात कायम दोन वस्तू असायच्या, एक खडू आणि एक काळा मार्कर. खडू फळ्यांसाठी, मार्कर गावातल्या फ्लेक्ससाठी. स्टँडजवळच्या हॉटेलवाल्यानं पाटीवर इंग्रजीत 'हॉट हॉट टी' लिहून घेतलं होतं. सरांनी एक हॉट खोडला.

"सर, गरमागरम लिहेल हाय ते," हॉटेलवाला ओरडला.

"इंग्रजीत चहा एकदाच गरम होतो."

"मंग उरलेला हॉट भज्याला लावा की. पैसे भरेल हायत त्याचे."

सरांनी खोडलेल्या हॉटपासून खाली 'भजी'पर्यंत एक बाण काढला. तो बाण अजून आहे.

प्रत्येक वेळी सरच जिंकायचे असं मात्र नाही. कुंभार पिंपळगावच्या बाजारात एक वांगेवाली "सगळ्यात स्वस्त, सगळ्यात स्वस्त" असं ओरडत बसली होती. सर तिच्यासमोर उभे राहिले.

"सगळ्यात म्हणजे किती जणींत?"

तिनं इकडे तिकडे पाहिलं. "आज वांगे घेऊन मी एकलीच हाय."

"मंग सगळ्यात म्हणू नको, बाई. नुसतं स्वस्त म्हण."

"नुसतं स्वस्त म्हणलं तर घेईल कोण? तुम्ही घेता का?"

सरांनी निमूटपणे वांगी घेतली. घरी कुणालाच वांगी आवडत नव्हती.

घरी ते उर्दू बोलत. त्यांच्या बेगमला आम्ही खाला म्हणायचो. सरांच्या लग्नाची गोष्ट त्यांनीच आम्हाला सांगितली. जालन्याला मुलगी बघायला गेलेले असताना मध्यस्थानं सांगितलं, लडकी ज्यादा खूबसूरत है. त्यावर हे गृहस्थ पाहुण्यांच्या बैठकीत विचारते झाले, "किससे?" मुलीचा बाप उठून जायच्या बेतात. "मंग मैं पर्दे के पीछे से बोली," खाला हसत हसत सांगायच्या, "तुमारे से!"

सर शेजारी बसून ऐकत असायचे. "से म्हणजे फ्रॉम," ते म्हणायचे. "तिथं दॅन पायजे होता. पर लग्न ठरून राह्यलं होतं, म्हणून मी बोललो न्हाई." आयुष्यात त्यांनी माफ केलेली ही एकच चूक.

चुकीवरून ते पोराचं घर ओळखत. 'रवी दॅन मी बिग' म्हणणारा मराठी घरातला, कारण तो 'रवी माझ्यापेक्षा मोठा' एकेका शब्दानं उचलून इंग्रजीत ठेवतो. 'रवी इज बिग फ्रॉम मी' म्हणणारा उर्दू घरातला, कारण त्याच्या घरी 'मेरे से बडा' चालतं. एकदा एका पोरानं 'बिग फ्रॉम दॅन मी' म्हटलं. सरांनी त्याला उठवून विचारलं, "घर दोन्ही मोहल्ल्यांच्या मधी हाय का रे?" होतं.

आमची खरी अडचण वेगळीच होती. मराठीतला 'मोठा' शेजारी कुणीही येऊन उभं राहिलं तरी 'मोठा'च राहतो. इंग्रजीतला 'बिग' मात्र माणसं बघून कपडे बदलतो. हे सांगायला सरांनी बिग-बिगर-बिगेस्टच्या आधी फळ्यावर लिहिलं, बद, बदतर, बदतरीन. उर्दू घरातली पोरं माना डोलवायला लागली, आणि बाकीच्यांनाही 'बदतर' बापाच्या तोंडून ऐकून माहीत होतं.

"हे 'तर' म्हणजे बदच्या डोक्यावरची टोपी. 'मोर' ही दुसरी टोपी. 'मोर बेटर' म्हणलं की टोपीवर टोपी. सांगा, कोणी 'ज्यादा बदतर' म्हणतं का?"

"म्हणतात, सर," मागून एक जण म्हणाला. "माझा बाप घनसावंगीच्या रस्त्याला म्हणतो."

तालुक्याला जायचं तर सरांनाही तोच रस्ता. ते म्हणाले, "त्या रस्त्याला चालतं."

पण ज्या चुकीवरून त्यांचं नाव पडलं ती ही नव्हे. ती 'वन ऑफ द'ची. शाळेतली पोरं, पास होऊन गेलेली पोरं, एवढंच काय, स्टाफरूमही लिहायची, वन ऑफ द बेस्ट स्टुडंट, वन ऑफ द बिग व्हिलेज. शेवटचा एस कुणी लावायचंच नाही. सर तळमळायचे. "मराठीत तुम्ही 'शिक्षकापैकी एक' म्हणता का? न्हाई. 'शिक्षकांपैकी' म्हणता. त्या टिंबात बाकीचे सगळे बसेल असतात. इंग्रजीत ते एसमध्ये बसतात. तुम्हाला 'वन' दिसला की बाकीचे इसरून जाता. पैकी! पैकी म्हणलं की बाकीचे पायजेत!"

म्हणून ते पैकी सर.

ही गोष्ट डोक्यात बसवायला त्यांनी एक खेळ काढला होता. एका पोराला पुढे उभं करायचं, बाकी वर्गानं बाकाखाली डोकी घालायची. सर मोठ्यानं म्हणणार, "ही इज वन ऑफ द बेस्ट स्टुडंट..." आणि थांबणार. मग सगळ्या वर्गानं एकदम डोकी वर काढून ओरडायचं, "स्स्स्स्स्!" जितकी पोरं तितका लांब एस. हा आवाज इतका जोरात यायचा की शेजारच्या वर्गातले सर दार लावून घ्यायचे. मी हा खेळ खेळले, माझ्या आधीच्या कितीतरी तुकड्या खेळल्या. गावात आज चाळिशीच्या बाया आहेत, ज्यांना इंग्रजी म्हणून तेवढा एक एसच आठवतो.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

शाळेत चार जण तासिकेवर शिकवत होते. गणिताच्या मॅडम, विज्ञानाचे सर, हिंदीच्या ताई आणि चित्रकला व पीटी दोन्ही बघणारे एक सर. चौघं रोज घनसावंगीहून त्याच जीपनं येत, त्याच जीपनं जात. हिवाळ्यात अध्यक्षांनी चौघांना बोलावून सांगितलं की उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर येऊ नका. त्यांच्या जागी अध्यक्षांच्या सासुरवाडीची माणसं येणार होती, हे शाळेतल्या चिमण्यांनाही माहीत होतं. गणिताच्या मॅडमचं सगळं घर त्या तासिकांवर चालायचं. दहावीची पोरं त्यांच्या जिवावर गणितात पास होत होती.

मी तेव्हा कॉलेजात जायला लागले होते, रक्त नुसतं उकळत होतं. एक पत्रक लिहिलं आणि सरांकडे गेले.

"सर, तुम्ही बोललात तर गाव ऐकेल."

"काय बोलू?"

"अन्यायाविरुद्ध."

"मी विशेषणाविरुद्ध बोलतो, बेटा. अन्यायाचं खातं तुझ्या वडिलांकडं हाय." मग हात पुढे केला. "आण, बघू काय लिहिलं."

त्यांनी वाचलं. 'अत्यंत क्रूर, निर्दयी, निर्लज्ज आणि तालुक्यातील सर्वात भ्रष्ट अध्यक्षांचा तीव्रातितीव्र जाहीर निषेध!' मार्करचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

"सर्वात भ्रष्ट. तालुक्यातले समदे अध्यक्ष तपासले का?"

"न्हाई."

"मंग पैकी लाव. भ्रष्टांपैकी एक."

"सर, असं लिहिलं तर ते खूश होतील!"

"तीव्रातितीव्र. टोपीवर टोपी." तेही गेलं. क्रूर गेलं, निर्दयी गेलं. शेवटी कागदावर उरलं ते एवढंच, 'चार शिक्षकांना काढत आहेत. त्यांचं काय चुकलं ते सांगा.'

"हे पत्रक हाय का निरोप?" मी चिडून विचारलं.

"वाचणारा विशेषण आपल्या मनानं लावतो. तूच समदे लावून टाकले तर त्याला काम काय उरलं?"

मला ते भित्र्या माणसाचं तत्त्वज्ञान वाटलं. मी माझंच पत्रक छापलं, वर आणखी एक 'नराधम' घातला. दोन दिवसांनी सर घरी आले. हातात भज्यांचा पुडा. पुडा माझ्या पत्रकाचा. हॉटेलवाल्याला अख्खा गठ्ठा मिळाला होता. सरांनी तेलकट कागद सोडवून माझ्यापुढे धरला. "निर्दयीचा र्द नीट उमटला न्हाई. छापखान्याला सांग." भजी त्यांनी मलाही दिली.

त्याच आठवड्यात बातमी आली की स्नेहसंमेलनात अध्यक्ष सरांना पुरस्कार देणार. गाव सरांचं ऐकतं हे अध्यक्षांनाही कळत होतं. "बघ," माझे वडील म्हणाले, "शाल पडली की माणूस गरम होतो आणि झोपतो." मला वाईट वाटलं, पण मनातून मीही तेच म्हणत होते.

संमेलनाच्या दिवशी शाळेच्या मैदानात मंडप. पोरं पुढे, बाया एका बाजूला, माजी विद्यार्थी खांबांना टेकून. तासिकेवरचे चौघं मंडपाच्या शेवटी होते, कारण पाहुण्यांचं पाणी आणि पेढे त्यांच्याकडे दिले होते. स्टेजवर मोठा फ्लेक्स. त्यावर अध्यक्षांचा फोटो माणसापेक्षा मोठा आणि सरांचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा. मध्ये सोनेरी इंग्रजी अक्षरांत, वन ऑफ द बेस्ट टीचर.

मी सरांकडे पाहत होते आणि सर फ्लेक्सकडे. अध्यक्षांनी शाल घातली, नारळ दिला, तेच वाक्य कोरलेलं सन्मानचिन्ह हातात ठेवलं. सरांनी ते उजेडाकडे धरून वाचलं.

"सर, दोन शब्द बोला," अध्यक्ष म्हणाले. "जल्दी, जेवण थंड व्हायलंय."

सर माइकपाशी गेले. "एक चूक राह्यली."

"छपाईवाल्याची, सर. मागून बघू."

"मागूनचीच हाय. शेवटचं अक्षर." आणि सवयीनं, अगदी सवयीनं, त्यांनी वर्गात म्हणायचे तसं मोठ्यानं म्हटलं, "वन ऑफ द बेस्ट टीचर..." आणि थांबले.

पुढे पोरं बसली होती. त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. "स्स्स्स्स्!" खांबांना टेकलेल्या माजी विद्यार्थ्यांचं तोंड आपोआप उघडलं. बाया हसत हसत सामील झाल्या. मीही ओरडत होते हे मला नंतर कळलं. सबंध मंडप फुत्कारत होता.

स्टेजवरचे एक पाहुणे बाहेरगावचे. त्यांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. "साप! साप निघाला का हो?" त्यांच्या शेजारच्यांनी खुर्ची सोडलीच. अध्यक्ष टेबलाखाली वाकून बघायला लागले.

"साप न्हाई, साहेब," सर माइकवर शांतपणे म्हणाले. "अनेकवचन हाय. ह्या वाक्यात मी एकटा असूच शकत न्हाई. मी पैकी हाय. बाकीचे कुठंयत?"

सगळा मंडप मागे वळला. गणिताच्या मॅडमच्या हातात पेढ्यांचं ताट होतं. विज्ञानाचे सर पाण्याचा जग घेऊन उभे होते. त्यांना काय करावं कळेना. पोरं त्यांच्याकडे बोटं दाखवून पुन्हा "स्स्स्" करायला लागली. माझ्या पत्रकाला जे जमलं नव्हतं ते एका अक्षरानं केलं होतं, आणि तेही विशेषण नसलेल्या.

सरांनी सन्मानचिन्ह अध्यक्षांच्या हातात परत दिलं. "दुरुस्त करून आणा."

पुढचं मला गणिताच्या मॅडमनी सांगितलं. आठवड्याभरानं अध्यक्ष स्वतः स्टाफरूममध्ये आले. सन्मानचिन्ह दुरुस्त झालं होतं. पण त्यांनी एस लावला नव्हता. सुरुवातीचं 'वन ऑफ' घासून काढलं होतं. उरलं होतं, द बेस्ट टीचर.

"आता काढा चूक," अध्यक्ष म्हणाले.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. उलटंसुलटं करून पाहिलं. "बराबर हाय. एक पण चूक न्हाई."

"मंग घ्या."

"चूक न्हाई हाच वांधा हाय. पहिल्या वाक्यात एक अक्षर टाकलं की बाकीचे मावत होते. ह्यात कुणालाच जागा न्हाई."

अध्यक्षांचा आवाज चढला. "सर, तुम्ही व्याकरण बोलून राह्यले का दुसरंच काही?"

"व्याकरणच. दुसरं मला कुठं येतं?"

निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली, अध्यक्ष काय करतील सांगता येत नव्हतं. पण त्यांनी खिशातून मार्कर काढला, पितळेवर टीचरपुढे एक ठसठशीत एस काढला आणि सन्मानचिन्ह पाण्याच्या माठाशेजारच्या फळीवर ठेवलं. सगळे येता-जाता पाणी पितात तिथे.

अध्यक्षांना पुढे तालुक्याच्या राजकारणात उतरायचं होतं. ते जातील तिथे हा एस त्यांच्यामागे यायला लागला. पतसंस्थेच्या उद्घाटनाला कुणीतरी त्यांची 'तालुक्यातलं एक थोर व्यक्तिमत्त्व' अशी ओळख करून दिली आणि मागच्या खुर्च्यांमधून हळूच आवाज आला, स्स्स्. लग्नात अक्षता पडायच्या आधी, स्स्स्. गावातले पालक शाळेच्या फाटकाशी भेटले की विचारायचे, "साहेब, बाकीचे कुठंयत?" कुणी शिवी दिली नाही, कुणी नराधम म्हटलं नाही. तक्रार करायला त्यांच्या हाती काही नव्हतं. मी पुढचं पत्रक लिहिलं तेव्हा त्यात दोनच ओळी होत्या, आणि त्या सरांच्या. ते पत्रक भज्यांना मिळालं नाही.

तरी उन्हाळाभर गावाला कुणी काही कळवलं नाही. चौघांना या म्हणून सांगितलं की नाही, हे फक्त अध्यक्षांना आणि त्या चौघांना माहीत, आणि चौघं घनसावंगीला.

जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी मी फाटकाशी गेले. सर आधीच येऊन उभे होते. व्हरांड्यात पोरं गर्दी करून उभी. जीप आली, वळसा घातला, थांबली.

आधी गणिताच्या मॅडम उतरल्या. पोरं गप्पच. एकटी बाई म्हणजे एकवचन. मग मागच्या फळीवरून विज्ञानाचे सर उतरले. व्हरांड्याच्या एका टोकाला कुणीतरी सुरू केलं, स्स्. हिंदीच्या ताई पिशवी सावरत उतरल्या तेव्हा सगळा व्हरांडा फुत्कारत होता. जीपवाला इंजिन बंद करून खाली उतरला आणि सीटखाली वाकून साप शोधायला लागला.

चित्रकलेचे सर उतरले नाहीत. त्यांच्या जागी अध्यक्षांचा साडू आधीच आत हजेरी लावून बसला होता.

"जिंकलो, सर!" मी ओरडले. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. "तालुक्यातला सर्वात मोठा..." आणि मीच जीभ चावली. मग नुसतं विचारलं, "सर, आता तरी बरं वाटतंय?"

कुणापेक्षा, असं त्यांनी विचारलं नाही. रिकामी झालेली जीप धूळ उडवत परत निघाली होती, ते तिच्याकडे बघत होते. शिपाई फाटक लावायला आला. सरांनी त्याला हातानं थांबवलं.

"चारपैकी तीन," ते म्हणाले. "उघडंच राहू दे."